‘समजलं ना?’ – ‘हो, समजलं’

डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्याविषयी आम्ही प्रश्न मागवले, तेव्हा पत्रांचे सरळ दोन ढीग पडले. एकात ‘डॉक्टर बोलतच नाहीत’, दुसऱ्यात ‘पेशंट ऐकतच नाहीत’. दुसरा ढीग अर्थातच डॉक्टरांचा. दोन्हींतले काही प्रश्न निवडले आहेत. गोड कसं बोलावं हे इथे सापडणार नाही. गोड बोलूनही औषध चुकतं आणि तुसडेपणाने सांगूनही कधी कधी नेमकं पोचतं. सांगितलेलं पोचलं का, हे तपासायची सवय मात्र दोन्ही बाजूंना नाही.

प्रश्न : आमचे डॉक्टर हुशार आहेत, पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं पेन चालू झालेलं असतं. घरी आल्यावर आठवतं की मुख्य गोष्ट सांगायचीच राहिली. काय करावं? – एक वाचक, कोथरूड

तुमची तक्रार घड्याळ लावून मोजलेली आहे. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं ध्वनिमुद्रित केली. रुग्ण बोलायला लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तशाच एका पाहणीत हा आकडा ११ सेकंदांवर आला होता. मध्ये थांबवलं नाही तर रुग्ण तासभर बोलेल, ही डॉक्टरांची भीती असते. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांना मुद्दाम गप्प बसायला सांगून तीही तपासली गेली (२००२). रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले आणि शंभरातल्या ७८ जणांचं दोन मिनिटांच्या आत सांगून झालं.

हे आकडे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून काही उपयोग नाही, तेव्हा तुमच्या हातात काय आहे ते पाहू. मिळणारी पहिली वीस सेकंदं तुमची आहेत. ती बहुतेक जण प्रस्तावनेत घालवतात. ‘मागच्या दिवाळीत आम्ही कोकणात गेलो होतो ना, तेव्हापासून जरा...’ इथे पेन सुरू होतं. पहिल्या वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत : काय होतंय, कधीपासून, आणि आजच का आलात. ‘जिना चढताना छातीवर दाबल्यासारखं होतं, दहा दिवस झाले, काल पहिल्यांदा दुसऱ्याच मजल्यावर झालं.’ एवढ्यावर कुठलाही डॉक्टर पेन खाली ठेवून मान वर करेल. (असं बसल्याजागी होत असेल, घाम फुटत असेल, तर वाक्याची जुळवाजुळव करत बसू नका, १०८ ला फोन करा.)

दुसरी गोष्ट, निदान सांगू नका, जाणवतं ते सांगा. ‘पित्त झालंय’, ‘गॅस वर चढलाय’, ‘वात आहे’ हे आपले निष्कर्ष आहेत. गॅसच्या नावाखाली हृदयाची दुखणी अंगावर काढली जातात, कारण सांगणारा ‘गॅस’ म्हणतो आणि ऐकणारा घाईत तेच लिहितो. मराठीत काही शब्द तर फारच ऐसपैस आहेत. ‘चक्कर’ घ्या. आजूबाजूचं गरगर फिरतं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि चालताना तोल जातो, या तिन्हींना आपण चक्करच म्हणतो. पहिल्यात कानाकडे, दुसऱ्यात रक्तदाबाकडे किंवा हृदयाकडे आणि तिसऱ्यात मेंदूकडे व नसांकडे आधी पाहिलं जातं. ‘घाबरं होतं’ म्हणजे धडधडतं, दम लागतो की भीती वाटते? ‘अशक्तपणा’ म्हणजे गळून गेल्यासारखं वाटतं, की हातातून कप सुटतो? हे घरीच ठरवून जा.

कागद न्या, पण पोस्टकार्डाएवढा. एका बाजूला तक्रारी, जास्तीत जास्त तीन. ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते ती सगळ्यात वर. दुसऱ्या बाजूला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, आधीची ऑपरेशनं, घरात कुणाला काय होतं. चालू औषधांची नावं लिहू नका, रिकाम्या झाल्या असल्या तरी पाकिटंच पिशवीत घालून न्या. ‘ती छोटी पांढरी बीपीची गोळी’ या वर्णनात निम्मं औषधांचं दुकान बसतं. त्या पिशवीत काढ्याची बाटली, होमिओपॅथीच्या गोळ्या, शेजारच्या काकूंनी दिलेलं चूर्णही असू द्या.

आणि खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाका, ‘डॉक्टर, मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.’ नाही तर मग नेहमीचं होतं : पंधरा मिनिटं सर्दीवर बोलून, उठून, पडद्याला हात लावून रुग्ण म्हणतो, ‘आणि हो, लघवीतून जरा लाल गेलं परवा.’ त्या वेळी डॉक्टरांच्या डोक्यात पुढचा पेशंट असतो.

प्रश्न : मी दोन वर्षांपूर्वी दवाखाना सुरू केला. सगळं समजावून सांगते, ‘समजलं ना?’ विचारते, माणसं ‘हो हो’ म्हणतात आणि महिन्याने येतात ती भलतंच काही तरी घेऊन. चूक कुठे होतेय? – एक डॉक्टर, हडपसर

‘समजलं ना?’ या प्रश्नात. आपल्याकडे डॉक्टरला, मास्तरला आणि सासऱ्याला ‘नाही समजलं’ म्हणायची रीत नाही. शिवाय तुमच्या खोलीबाहेर दहा जण ताटकळत असतात, हे पेशंट पाहून आलेला असतो. तो ‘हो’ म्हणतो म्हणजे ‘आता उठतो’ म्हणतो.

त्याऐवजी त्याच्याकडून वदवून घ्या, पण परीक्षेचा सूर नको. परीक्षा स्वतःची ठेवा : ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या सकाळी उठल्यावर यातलं काय काय घेणार, मला सांगा बरं.’ चुकलं तर ‘मीच घाईत सांगितलं’ म्हणून वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायचं आणि पुन्हा वदवायचं. याला बहुधा एखाद मिनिट लागतं. सगळ्यांवर जमत नसेल तर नवं औषध, बदललेला डोस आणि इन्शुलिन, एवढ्या तीन प्रसंगी तरी चुकवू नका.

स्मरणशक्तीचाही भाग आहेच. केसेल्स या डच संशोधकांनी २००३ मध्ये या विषयाचा आढावा घेतला. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती लगेच विसरली जाते आणि आठवतं त्यातलंही जवळपास निम्मं चुकीचं आठवतं, असं त्यात दिसतं. जितकं जास्त सांगाल तितकं जास्त सांडतं. म्हणून एका भेटीत दोन, फार तर तीन गोष्टी. बाकीचं पुढच्या भेटीला.

आता ‘भलतंच’ कुठे होतं ते पाहू, कारण या चुका ठरलेल्या जागी होतात.

‘१-०-१ जेवणानंतर’ (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) हे तुम्हाला वेळापत्रक वाटतं. चाकणला रात्रपाळी करणारा सकाळी आठला घरी येऊन झोपतो. त्याची ‘सकाळ’ दुपारी चारला होते. ‘जेवणानंतर’चा अर्थ बरेच जण ‘जेवलो नाही तर गोळी नाही’ असा लावतात. चतुर्थीला, एकादशीला, नवरात्रात बीपीची गोळी सुटते ती अशी. उलट मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटी किंवा दोन चमचे वऱ्यांच्या तांदळावर घेतली की साखर धाडकन उतरते. ‘उपवास कुठले करता?’ आणि ‘झोपता-उठता कधी?’ हे दोन प्रश्न केसपेपरवर कायमचे छापून घ्या.

‘मीठ कमी करा’ ही सूचनाच नव्हे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे घरातल्या सगळ्या पदार्थांत मिळून माणशी सपाट एक छोटा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. रुग्ण ताटातलं वरचं मीठ बंद करतो आणि लोणचं, पापड, बाकरवडी, फरसाण चालू ठेवतो. किंवा सैंधव आणतो, जे सोडियम क्लोराइडच आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेला ‘लो सोडियम’ मीठ आणतो, ज्यात पोटॅशियम असतं आणि ते त्याला घातक ठरू शकतं. ‘साखर बंद’ म्हटलं की चहात गूळ येतो. ‘पाणी मोजून प्या’पेक्षा ‘सकाळी दीड लिटरच्या खुणेपर्यंत बाटली भरा, चहा-ताक प्यायलात की तेवढं पाणी बाटलीतून ओतून द्या’ हे कळतं.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या औषधाची धास्तीच बाळगा. संधिवातासाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं असतं. ते रोज घेतलं गेलं की तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. ‘आठवड्यातून एकदा’ लिहू नका. वार लिहा, ‘फक्त रविवारी’, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगा. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि ही यांची अदलाबदल होते, म्हणून तिचाही वार वेगळा लिहून द्या.

इन्शुलिनच्या बाटलीत भारतात सहसा १ मिलिलिटरला ४० युनिट असतात, इन्शुलिन-पेनाच्या काडतुसात १००. सिरिंजही दोन : ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. चाळीसच्या बाटलीतून शंभरच्या सिरिंजने ‘२०’च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात २० ऐवजी ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून तुम्ही डोस वाढवत बसता. पेनाच्या काडतुसातून चाळीसच्या सिरिंजने तेवढंच ओढलं तर ५० युनिट जातात आणि रुग्ण रात्रीत बेशुद्ध होतो. चिठ्ठीवर सिरिंजही लिहा. पहिल्या वेळी ओढून दाखवा आणि लगेच त्यांच्याकडून ओढवून घ्या.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचंही तेच. पॅरासिटामॉलच्या बाटल्यांत ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, ५ मिलीत २५० असतं आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत एका मिलीतच १००. दहा किलोच्या मुलाला तुम्ही एका वेळी १५० मिलिग्रॅम ठरवलंत तर १२५ च्या बाटलीतून ६ मिली, २५० च्या बाटलीतून ३ आणि थेंबांतून दीड. आईने दुकानातून थेंब आणले आणि लक्षात ठेवलेले ‘६ मिली’ पाजले तर चौपट. ‘एक चमचा’ हा शब्द कायमचा सोडा. घरातला चमचा कितीचा आहे ते कुणालाच माहीत नसतं. मिलीत लिहा, बाटलीवरचा आकडा लिहा, मापाच्या झाकणावर पेनाने रेघ मारून द्या.

शब्दांचे काही सापळे तुमच्या बाजूचेही आहेत. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ म्हटल्यावर पेढे आणायचे की रडायचं, हे अनेकांना खरोखरच कळत नाही. ‘हार्ट फेल्युअर’ ऐकून माणसाला वाटतं हृदय बंद पडलं. ‘पंपाचा जोर कमी झालाय’ म्हणा. ‘दोन टक्के धोका’ म्हणण्यापेक्षा ‘अशा शंभर जणांत दोघांना होतं, अठ्ठ्याण्णव जणांना होत नाही’ हे जास्त पोचतं. औषधाचं नाव जेनेरिक, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं वैद्यकीय आचारसंहितेत २०१६ पासून आहेच. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादाचा वेगळा भाग – ‘एटकॉम’ – आला. त्याआधीच्या तुकड्यांनी हे कुणाकडून शिकायचं, हा प्रश्न कुणी विचारला नाही. तुम्ही विचारलात, बरं वाटलं.

प्रश्न : वडिलांना (वय ७१) फुप्फुसाचा कॅन्सर निघालाय. आम्ही भावंडांनी डॉक्टरांना हात जोडून सांगितलं की बाबांना कळू देऊ नका, ते खचतील. डॉक्टर म्हणतात, असं जमणार नाही. त्यांचं वागणं बरोबर आहे का? – एक वाचक, सिंहगड रस्ता

बरोबर आहे. तरी तुम्हालाही वेडं ठरवायचं नाही. पुण्यातल्या कुठल्याही कॅन्सर विभागाच्या बाहेर हीच विनंती रोज होत असते आणि ती प्रेमापोटीच होते.

आधी व्यवहार बघा. केमोथेरपी किंवा रेडिएशनच्या संमतीवर सही बाबांची लागणार. शुद्धीत असलेल्या, निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढाच्या वतीने मुलांनी सही करून भागत नाही. केस जातील, तोंड येईल, विभागाच्या दारावर पाटी असेल, शेजारच्या खाटेवरचा माणूस विचारेल, ‘तुमची कितवी?’ म्हणजे कळणार तर आहेच. प्रश्न उरतो तो कुणाकडून कळणार एवढाच. आणि त्यांना कळलेलं असूनही ते तुमच्यासाठी न कळल्याचं सोंग करत असतील, तर घरात सगळेच एकटे पडतात. बँकेतली कामं, शेताचा तुकडा, गावाकडच्या भावाशी अबोला, हे त्यांना उरकायचं असेल तर वेळ कुणी द्यायचा?

२००२ ची वैद्यकीय आचारसंहिता या बाबतीत समजूतदार आहे. आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असं ती म्हणते. रुग्णाच्या आणि कुटुंबाच्या हिताला पुरेल एवढी माहिती रुग्णाला, नातेवाइकांना असावी, असंही म्हणते. म्हणजे कुटुंबाला वगळलेलं नाही, पण रुग्णाला वगळायची मुभाही दिलेली नाही.

‘सांगायचं’ म्हणजे बॉम्ब टाकायचा नव्हे. वाईट बातमी सांगायची एक सहा पायऱ्यांची पद्धत बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली मांडली आणि जगभर ती शिकवली जाते. पहिली पायरी जागा : राउंडवर दहा जणांसमोर नाही, दार बंद करता येईल अशा खोलीत, बसून, मोबाइल बंद करून. दुसरी, त्यांना काय वाटतंय ते विचारायचं : ‘एवढ्या तपासण्या कशासाठी झाल्या असं तुम्हाला वाटतं?’ इथे अनेकदा रुग्णच म्हणतो, ‘कॅन्सरचाच संशय असेल ना.’ आणि मुलं अवाक होतात. तिसरी पायरी तुमच्या अडचणीवरचा उतारा आहे : ‘रिपोर्टबद्दल सगळं तपशिलात सांगू, की ठळक गोष्टी तुम्हाला आणि बाकीचं मुलांना?’ माणूस स्वतः म्हणाला, ‘मला नको, मुलाला सांगा,’ तर तोही त्याचाच निर्णय. मग डॉक्टर तुमच्याशी बोलतील आणि ते त्याच्या परवानगीने. चौथी, आधी सूचना देऊन (‘बातमी चांगली नाही’) छोट्या वाक्यांत सांगणं आणि मग थांबणं. पाचवी, रडू, राग, शांतता जे येईल त्याला जागा देणं. या वेळी आकडे आणि उपचारांची यादी कानात शिरत नाही. सहावी, पुढचं पाऊल ठरवणं, निदान पुढच्या भेटीचा वार तरी.

डॉक्टरांना ‘सांगू नका’ म्हणण्याऐवजी असं म्हणून पाहा : ‘त्यांना किती ऐकायचंय हे तुम्ही आधी विचारा आणि त्या वेळी मला खोलीत असू द्या.’ बहुतेक डॉक्टर याला तयार होतात. ‘तीन महिने’ असा आकडा मात्र मागू नका. बरे डॉक्टर तो देत नाहीत. ‘काही महिने की वर्षं’ एवढाच पट्टा सांगतात, कारण एकेका माणसाचं त्याहून नेमकं भाकीत करता येत नाही.

प्रश्न : आईला आयसीयूत ठेवलं होतं. सकाळचे डॉक्टर वेगळं सांगत, रात्रीचे वेगळं. ‘स्टेबल आहे’ म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी व्हेंटिलेटर. शिवाय इंग्रजी फॉर्मवर दहा-बारा सह्या. आम्ही काय विचारायला हवं होतं? – एक वाचक, पिंपळे सौदागर

‘स्टेबल’चा अर्थ आयसीयूत ‘धोका टळला’ असा नसतो. गेल्या काही तासांत नाडी, रक्तदाब, श्वास फारसे हललेले नाहीत, इतकाच असतो. आणि ते औषधांच्या जोरावरही असू शकतं. म्हणून त्यापुढचे प्रश्न विचारायचे. कालपेक्षा आज कशी आहे : बरी, तशीच की खालावलेली? कुठला अवयव स्वतः काम करतोय आणि कुठला यंत्रावर किंवा इंजेक्शनवर आहे? येत्या एक-दोन दिवसांत तुम्ही कशाची वाट पाहताय? ते झालं नाही तर पुढे काय? आणि लाजू नका, रोजचा अंदाजे खर्च किती?

वेगवेगळी उत्तरं येण्याचं एक कारण तिकडचं असतं, एक तुमचं. तिकडे मुख्य डॉक्टर, आयसीयूचे डॉक्टर, किडनीचे, फुप्फुसांचे आणि रात्रपाळीचे रेसिडेंट असे पाच-सहा जण असतात आणि प्रत्येक जण आपल्या अवयवापुरतं बोलतो. पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, ‘एकंदर चित्र कोण सांगणार आणि किती वाजता?’ तुमच्याकडून एकच माणूस बोलणारा ठेवा. मामा सकाळी, जावई दुपारी, अमेरिकेतली बहीण रात्री फोनवर, असं झालं की तीच माहिती तीन रूपांत फिरते आणि मग घरातच भांडणं लागतात. त्या एकाने वहीत तारीख-वेळ घालून लिहायचं आणि शेवटी डॉक्टरांना वाचून दाखवायचं : ‘मला असं कळलं, बरोबर?’

आवाज चढवू नका, हे सांगणं भाग आहे. दवाखान्यात मारहाण-तोडफोड हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याहून रोजचं नुकसान म्हणजे बिथरलेला डॉक्टर कमीत कमी आणि वकिली भाषेत बोलू लागतो.

सह्यांबद्दल. संमती म्हणजे कागद नव्हे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं : दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती संमती दिलेल्या बाईंचं, त्या भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं गेलं होतं. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता आणि शुद्धीवर आल्यावर बाईंनाच विचारता आलं असतं. त्याच निकालात संमतीआधी काय सांगायला हवं तेही आलं : काय करणार, कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि नाही केलं तर काय होईल. फॉर्म इंग्रजीत असला तर हे सहा प्रश्न मराठीत विचारा, उत्तरं मिळाली की सही करा. कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही करू नका.

आता केसपेपर हवे असतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जापासून ७२ तासांत नकला द्यायच्या असतात. दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं सांभाळायची असतात, तेव्हा फार उशीर करू नका.

प्रश्न : स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना सासूबाई दर वेळी आत येतात. त्यांच्यासमोर काही गोष्टी बोलता येत नाहीत. – एक वाचक, वाघोली

फोनवर किंवा बाहेरच्या सिस्टरना आधीच सांगा, ‘मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय.’ ‘तपासताना बाकीच्यांनी बाहेर थांबा’ हा नियम डॉक्टरांच्या तोंडून आला की घरात वाईटपणा येत नाही. चांगल्या डॉक्टर हे न सांगताही करतात. गर्भपाताच्या बाबतीत १८ वर्षांपुढच्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची किंवा सासूची लागत नाही. तिथे बोललेलं डॉक्टरांनी बाहेर सांगायचं नसतं.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या दवाखान्यात पाटी आहे : ‘इंटरनेटवर वाचून आलेल्यांना वेगळी फी.’ गमतीने असेल, पण वाचून जाणं चूक आहे का? – एक वाचक, सदाशिव पेठ

पाटी पेठेत आहे, तेव्हा गंमत आहे असं गृहीत धरू नका. वाचून जायला हरकत नाही. वाचलेलं निदान म्हणून पुढे ठेवू नका, भीती म्हणून ठेवा. ‘मला लुपस आहे असं वाटतं’ (लुपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) यावर डॉक्टर चिडतात. ‘सांधे दुखतात, गालांवर पुरळ आलंय, लुपसबद्दल वाचून घाबरलेय, तसं काही वाटतं का?’ यावर उत्तर द्यावंच लागतं. त्या वाक्यात दोन लक्षणं जास्तीची आहेत, हेही पाहा. छापलेली पानं नेऊ नका.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर तेही चोरून नको. ‘मोठा निर्णय आहे, आणखी एक मत घेऊन येतो, रिपोर्ट द्याल का?’ एवढं पुरतं. चोरून गेलं की जुने रिपोर्ट दाखवता येत नाहीत आणि त्याच तपासण्यांचे पैसे पुन्हा जातात.

प्रश्न : डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवला, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. – एक वाचक, बाणेर

निळी खूण म्हणजे उघडला. वाचून निर्णय घेतला असं नव्हे. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मेसेजवर सल्ला देता येतो, पण प्रत्यक्ष तपासणी हवी असं वाटलं तर तसं सांगायचा अधिकार डॉक्टरांचा आहे. पहिल्या भेटीतच विचारा : मेसेज चालतो का, फी किती, उत्तर किती वेळात. पाठवताना रुग्णाचं नाव, वय, शेवटच्या भेटीची तारीख, एकच प्रश्न, आणि रिपोर्ट सरळ, पूर्ण पानाचा. आठ वाकडे फोटो आणि ‘बघा ना सर’ याला उत्तर येत नाही. तातडीचं असेल तर मेसेज नको, फोन.

प्रश्न : आईला (वय ८३) कमी ऐकू येतं. डॉक्टर तिच्याशी बोलतच नाहीत, सगळं मला सांगतात. तिला ते लागतं. – एक वाचक, कर्वेनगर

लागणारच. त्यात उपचारांचंही नुकसान आहे : लघवी सुटते, रात्री झोप येत नाही, पडायला झालं होतं, हे मुलीला ठाऊकच नसतं.

जाताना श्रवणयंत्र आणि त्याची जादा बॅटरी घ्या. मशीन घरी डब्यात ठेवून दवाखान्यात येणारे कमी नाहीत. त्या आधी आईच्या कानातला मळ एकदा तपासून घ्या. आत गेल्यावर आईला डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसवा, तुम्ही तिच्या बाजूला, किंचित मागे. डॉक्टरांचं तोंड उजेडात असायला हवं. मागे खिडकी असली की ओठ दिसत नाहीत. आरंभीच सांगा, ‘तिला डाव्या कानाने बरं ऐकू येतं, मोठ्याने नको, सावकाश बोललात तर कळतं.’ ओरडल्याने आवाज फाटतो आणि शब्द आणखी अस्पष्ट होतात. उतारवयात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून खालच्या पट्टीत, छोट्या वाक्यांत बोललेलं पोचतं. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. नाहीच जमलं तर वही आणि जाड स्केचपेन.

डॉक्टरांनी प्रश्न तुम्हाला विचारला तर लगेच उत्तर देऊ नका. आईकडे वळून तोच प्रश्न तिला विचारा आणि ती बोलेपर्यंत थांबा. एक-दोनदा असं झालं की डॉक्टरांची नजर आपोआप तिच्याकडे जाते. तुम्हाला वेगळं काही सांगायचं असेल – ती गोळ्या लपवते, गॅस चालू ठेवते – तर ते आधी चिठ्ठीवर लिहून आत पाठवा, तिच्या डोक्यावरून बोलू नका. आणि निघताना औषधांची चिठ्ठी तिच्या हातात द्यायला सांगा.